जीएस-२ (नागरी सेवा मुख्य परीक्षेतला सामान्य अध्ययनाचा दुसरा पेपर): परराष्ट्र संबंध आणि सामाजिक न्याय, सुरुवात कशी करशील?

पुस्तकांची यादी नंतर. आधी मुख्य परीक्षेचे मागच्या पाच वर्षांचे प्रश्न काढ आणि अभ्यासक्रम शेजारी ठेवून वाच.

परराष्ट्र संबंध म्हटलं की नवीन मुलं रोजच्या बातम्यांमागे धावतात. तू शेजारी देशांपासून सुरुवात कर. भिंतीवर नकाशा आणि देशागणिक एकच पान: बांगलादेशासाठी २०१५ची सीमेवरच्या छोट्या भूभागांची अदलाबदल आणि अजून अडलेलं तिस्ता नदीचं पाणीवाटप, इराणसाठी चाबहार बंदर. नवी बातमी आली की त्याच पानावर भर घाल.

सामाजिक न्यायात योजनांची नावं घोकणं ही सर्रास होणारी चूक. योजना अडते कुठे, ते बघ. मुंबईतच आहेस, तर एकदा रेशन दुकानाच्या रांगेत उभी राहा. २०१३चा अन्नसुरक्षा कायदा प्राधान्य कुटुंबांना माणशी महिन्याला ५ किलो धान्य देतो. पण धुणीभांडी करून झिजलेला अंगठा मशीनने ओळखला नाही, तर त्या बाईने काय करायचं? तुझं उत्तर इथून उभं राहायला हवं.

लिखाण मात्र पुढे ढकलू नकोस. आठवड्याला दोन उत्तरं, घड्याळ लावून. १० गुणांना १५० शब्द. सुरुवातीची फसतील, फसू देत. जागतिक संघटनांची खोलातली माहिती सध्या राहू दे. पहिली दोन उत्तरं झाली की मला पाठव, तपासून देते.