फुटलेल्या बांधाचीही नोंद ठेव

प्रिय,

माती-पाणी अडवणाऱ्या समतल चरांवरचं, म्हणजे उताराला आडव्या, एकाच पातळीत खणलेल्या चरांवरचं तुझं टिपण वाचलं. चर किती खोल, किती रुंद, ए-फ्रेमने (समान पातळी शोधायची A आकाराची चौकट) रेषा कशी आखायची, सगळं नीट आलंय. पण जमिनीला उतार किती, माती हलकी की भारी, पाऊस झोडपून पडतो की झिमझिम, यातलं काहीच नाही. टिपण ज्याच्या हाती जाईल त्याला आधी हेच लागणार.

इतकं ठासून सांगतो, कारण मी एकदा बांध घातला आणि सांडवा, म्हणजे जादा पाण्याला बाहेर जायची वाट, ठेवायचा राहिला. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी तुंबलं, बांध फुटला आणि खालची माती खरवडून गेला. लाजेखातर मी कुणाला बोललो नाही. पुढच्या वर्षी शेजाऱ्याने माझं पाहून तसाच बांध घातला. तोही फुटला. त्याची माती माझ्या गप्प बसण्याने गेली, असं मी आजही मानतो.

1992 साली सुरू झालेलं वोकॅट हे जागतिक जाळं जगभरातल्या मृदसंधारणाच्या पद्धती नोंदवतं. त्यांच्या प्रश्नावलीत उतार, पाऊस, खर्च तर असतोच, शिवाय पद्धतीचे तोटेही विचारतात, आणि जमीन कसणाऱ्याचं मत वेगळं लिहून घेतात. तुझ्या टिपणात तेवढी जागा कर.

लोकांना हे समजवायला जाशील तेव्हा मात्र कागद वाचू नकोस. हेक्टरभर रानातून 1 मिलिमीटर थर गेला तर 10 घनमीटर माती जाते, साधारण 13 टन. तरी डोळ्यांना काही दिसत नाही. म्हणून दाखव. दोन वाळलेली ढेकळं घे, एक वारंवार नांगरलेल्या उघड्या रानातलं, दुसरं बांधावरच्या गवताखालचं. पाण्याने भरलेल्या काचेच्या ग्लासांत जाळीवर ठेव. पहिलं बहुधा मिनिटा-दोन मिनिटांत विरघळतं, पाणी गढूळ होतं. दुसरं बराच वेळ तग धरतं, कारण मुळं, बुरशी आणि सेंद्रिय पदार्थ कणांना धरून ठेवतात. मग लोक आपापल्या रानातलं ढेकूळ आणायला उठतात.

आणि त्यांचंही ऐक. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोचे शेतकरी याकुबा सावादोगो यांनी झाई ही खड्ड्यांत पाणी धरून पेरायची जुनीच पद्धत सुधारली, खड्डे मोठे केले, त्यांत शेणखत घातलं. पुढे ते आपल्या शेतावरच बाजार भरवत; शेतकरी बियाणं आणि अनुभव घेऊन येत.

पहिला मोठा पाऊस झाला की चरांवरून चक्कर मार. कुठे गाळ साचला, कुठून पाणी फुटून गेलं ते बघ आणि टिपण पुन्हा पाठव. फुटलेल्या जागेचा फोटो सगळ्यात वर लाव.

सस्नेह