ज्वालामुखी नळीतल्या तुकड्यांच्या आकारांवरून स्फोटाचा जोर सांगता येतो का?

तुम्ही किंबरलाइट (खोलवरून आलेला ज्वालामुखी खडक) नळीच्या उघड्या भिंतीचे फोटो काढून तिच्यात अडकलेले खडकांचे तुकडे मोजलेत, लॉग-लॉग आलेखावर (आकार आणि त्याहून मोठ्या तुकड्यांची संख्या, दोन्हींचे लॉग) सरळ रेषा बसली, आर-स्क्वेअर (रेषा बिंदूंशी किती जुळते याचा आकडा, जास्तीत जास्त १) ०.९८ आला. आता उतारावरून स्फोटाचा जोर काढायचा म्हणता. थांबा. हाच आर-स्क्वेअर तोंडावर फेकणाऱ्यांशी माझं कायम वाजतं. अशा संचयी (बेरीज करत जाणाऱ्या) आलेखात प्रत्येक बिंदूत त्याहून मोठे सगळे तुकडे आधीच धरलेले असतात, त्यामुळे बिंदू एकमेकांना धरूनच चालतात. लॉगनॉर्मल वितरणाची (ज्यात आकारांचे लॉग घंटेच्या आकाराच्या वक्रात बसतात) शेपटीही तिथे सरळच दिसते.

रेषा बसवूच नका. किमान आकार ठरवा, समजा २० मिमी. त्याहून मोठ्या प्रत्येक तुकड्याचा आकार २० ने भागा, भागाकाराचा नैसर्गिक लॉग घ्या, सगळे लॉग मिळवा आणि तुकड्यांची संख्या त्या बेरजेने भागा. हा तुमचा उतार. त्याला संख्येच्या वर्गमुळाने भागलं की त्रुटी मिळते: २२५ तुकडे आणि उतार १.५ असेल तर ०.१. मग त्याच आकड्यांवर लॉगनॉर्मलही बसवून दोन्हींची लाइकलीहुड (त्या वितरणातून हेच आकडे येण्याची संभाव्यता) ताडून पाहा. दोनशेच्या आत तुकडे असतील तर निकाल बहुधा लागत नाही, तसं सरळ लिहा.

हा १.५ मात्र भिंतीवरचा. सपाट छेदात मोठा तुकडा सापडण्याची शक्यता त्याच्या व्यासाच्या प्रमाणात वाढते, म्हणून घनफळातला उतार १ ने जास्त, म्हणजे २.५. ही बेरीज विसरून लोक दुसऱ्यांच्या चाळणीच्या आकड्यांशी तुलना करतात, आणि मला खरा राग त्याचाच येतो.

मोजणीतही घोळ होतो. डोलेराइटच्या (गडद अग्निजन्य खडक) तुकड्यातून पांढऱ्या कॅल्साइट खनिजाची शीर गेली की सॉफ्टवेअर त्याचे दोन करतं; करडा शेल (चिखलाचा पापुद्रेदार खडक) भोवतालच्या करड्या किंबरलाइटमध्ये विरून जातो. भिंत ओली करून फोटो काढा, कडा उठून दिसतात. फोटोच्या काठावर कापले गेलेले तुकडे नुसते वगळू नका. मोठेच जास्त कापले जातात, म्हणून चौकट मोठ्यात मोठ्या तुकड्याच्या निदान दहापट ठेवा.

आणि स्फोटाचा जोर? नळीभोवतालचा खडक नंतर ढासळून त्याचा माल नळीत मिसळतो, वर उसळणारा वायू बारीक चुरा उडवून नेतो, शेल ग्रॅनाइटपेक्षा सहज फुटतो. खडकाप्रमाणे वेगळे उतार काढलेत तर त्या नळीतल्या दोन थरांची तुलना करता येईल, एवढंच.

एक राहिलं: १ मिळवण्याचा नियम साधारण गोलसर तुकड्यांचा. शेलच्या चपट्या चकत्या एका दिशेने पडल्या असतील तर काटकोनातली दुसरी भिंतही मोजावी लागेल.