वर फेकलेला चेंडू क्षणभर थांबतो, मग तेव्हा त्याचं त्वरण शून्य का नसतं?

तुम्ही विचारलंय, 'टोकाला वेगच नाही, तर त्वरण कुठून येणार?' हा प्रश्न पडणं अगदी स्वाभाविक आहे. अकरावीत मीही इथे बरेच दिवस अडले होते आणि आता माझे विद्यार्थीही दरवर्षी इथेच अडतात.

वेग किती आहे हे त्वरण सांगत नाही. वेग दर सेकंदाला कितीने बदलतोय, एवढंच ते सांगतं. म्हणून तर त्याचं एकक 'मीटर प्रति सेकंद, प्रति सेकंद' असं दोनदा सेकंद म्हणणारं आहे.

आकडे घालून बघा. हिशेबाच्या सोयीसाठी गुरुत्व त्वरण ९.८ ऐवजी १० धरू, हवेचा अडथळा सोडून देऊ आणि वरची दिशा धन मानू. चेंडू २० मीटर प्रति सेकंद वेगाने वर फेकला. दर सेकंदाला त्याचा वेग असा: २०, १०, ०, उणे १०, उणे २०. आता त्या शून्यावर बोट ठेवा. आधी १० होता, नंतर उणे १०. दर सेकंदाला १० ने कमी होणं शून्यापाशी थांबलेलंच नाही, तो फक्त वाटेत लागलेला एक आकडा आहे.

उलट बाजूनेही पाहा. त्या टोकाला त्वरण शून्य होऊन तसंच राहिलं असतं, तर चेंडू २० मीटर उंचीवर, म्हणजे साधारण सहा मजली इमारतीच्या गच्चीएवढ्या उंचीवर, लटकून राहिला असता. तो खाली येतो, कारण पृथ्वी त्याला वर जाताना, टोकाला आणि खाली येताना सारख्याच बलाने ओढत असते. बल तेच आणि वस्तुमानही तेच, म्हणून त्वरणही तेच.

इथेच आणखी एक गैरसमज दडलेला असतो: 'ऋण त्वरण म्हणजे वस्तू मंदावते.' वर जाताना ते खरं आहे. पण खाली येताना त्वरण उणे १० च असतं आणि चेंडू मात्र जोर धरत जातो! ऋण चिन्ह फक्त दिशा सांगतं. वेग आणि त्वरण एकाच दिशेला असले की चाल वाढते, विरुद्ध असले की घटते. हे माझ्या मते पाठ्यपुस्तकांत ठळक छापायला हवं.

टोकापासून खाली येताना चेंडू पहिल्या सेकंदात ५ मीटर पडतो आणि दुसऱ्यात १५, म्हणजे १ : ३. पुढे पडत राहिला तर ५, ७ असं ते चालू राहतं. हे प्रमाण गॅलिलिओला उतरणीवरून गोळे सोडून सापडलं. सरळ पडणारी वस्तू त्याच्या पाण्याच्या घड्याळाला फार वेगवान होती, म्हणून त्याने उतरण घेतली.

वरचे पाच वेग आलेखकागदावर मांडून बिंदू जोडा. एक सरळ तिरकी रेषा मिळेल. ती काळाचा अक्ष छेदते तिथे तिचा चढ बदलतो का, ते स्वतः तपासा. अजून शंका राहिली तर इथेच विचारा.