चेटकीण नायिका, शिकारी नायक आणि वाचकांच्या तक्रारी

चेटकीण नायिका असलेल्या यंग अ‍ॅडल्ट, म्हणजे किशोरवयीन वाचकांसाठीच्या, फँटसी-रोमान्स कादंबऱ्यांबद्दल बरीच पत्रं आली. त्यांतल्या निवडक प्रश्नांना ही उत्तरं.

नायिका चेटकीण, नायक चेटकिणी पकडणाऱ्या पथकातला. दोघं भांडतात तोवर पुस्तक खाली ठेववत नाही, प्रेम जमलं की पुढचं वाचवत नाही. दोष माझा की पुस्तकाचा?

बहुधा पुस्तकाचाच. आधी वैर कोणत्या जातीचं आहे ते पाहा. वैर गैरसमजाचं असेल तर ते एका संभाषणात मिटू शकतं, म्हणून लेखक ते संभाषणच होऊ देत नाही. ती खरं सांगायला तोंड उघडते आणि दारावर थाप पडते. पुढच्या वेळी तो जखमी होऊन बेशुद्ध पडतो. चारशे पानांत असा अडथळा दोनदा खपतो, तिसऱ्यांदा मात्र वाचक वैतागतो आणि ते रास्तच आहे.

वैर खरं असेल, म्हणजे त्यानं शपथ घेतलेली आहे आणि तिच्या माणसांचं रक्त त्याच्या हातावर आहे, तर गोष्टीत दम येतो, पण मग ते मिटवायचं कामही मोठं. जमलेल्या कादंबऱ्यांत साधारण चार पायऱ्या दिसतात. दोघं नाइलाजानं एकत्र येतात: सक्तीचं लग्न, एकच प्रवास, दोघांचा तिसराच शत्रू. मग एकमेकांचं कसब मनातल्या मनात मान्य करतात. मग एकाला दुसऱ्याचं गुपित कळतं आणि तरी तो ते वापरत नाही. जवळीक त्यानंतर. घाईच्या पुस्तकांत गळते ती नेमकी तिसरी पायरी, आणि प्रेमाला आधार उरतो तो फक्त नायकाच्या रुंद खांद्यांचा.

गुपित कुठे फुटतं हेही बघा. शेवटच्या पाव भागात फुटलं तर राग, दुरावा आणि समेट हे सगळं युद्धाच्या धामधुमीत उरकावं लागतं. मध्याच्या आसपास फुटलं तर निम्मं पुस्तक दुरुस्तीला मिळतं. शिवाय नायकाच्या माफीचं प्रकरण पुन्हा एकदा वाचा. तो फक्त नायिकेची माफी मागतो, की ज्यांची माणसं त्यानं मारली त्यांच्यासमोरही उभा राहतो? पद, घर, गुरूचा विश्वास यांतलं काहीच त्यानं गमावलं नसेल, तर तुमचा कंटाळा अगदी योग्य जागी आला आहे.

शेवटच्या लढाईत नायिकेला अचानक अफाट शक्ती मिळते. फँटसीत एवढं चालायचंच, असं मैत्रीण म्हणते.

मैत्रिणीशी आम्ही सहमत नाही. जादू काहीही करू शकते ही तक्रारच नाही. तिचा हिशेब मध्येच बदलतो, ही तक्रार आहे. समजा, दर मंत्रामागे एक आठवण जाते. तिसऱ्या प्रकरणात कुलूप उघडताना नायिका लहानपणीची एक ओवी विसरली. या दरानं अख्खं सैन्य थोपवायला काय द्यावं लागेल, हा प्रश्न वाचकाच्या डोक्यात तेव्हापासून असतो. शेवटी तिला नुसती भोवळ आली तर ती फसवणूकच. त्याच हिशेबानं नायकाची पहिली भेटच तिच्या आठवणीतून गेली, तर जादू आणि प्रेमकथा एकाच गाठीत येतात. या प्रकारात आम्हाला सगळ्यात जास्त हेच आवडतं. वाचताना पहिल्या तीन-चार मंत्रांची किंमत पेन्सिलीनं समासात टिपून ठेवा. शेवट खरा की ओढूनताणून, ते लगेच कळेल.

अशा कादंबऱ्यांत मध्ययुगात चर्च चेटकिणींना जिवंत जाळतं. हे खरं आहे का?

अर्धवट खरं आहे. युरोपात चेटकिणींच्या खटल्यांचा कळस मध्ययुगात नव्हे, तर त्यानंतर, साधारण 1560 ते 1650 या काळात झाला. बरेचसे खटले चर्चच्या नव्हे, तर राजसत्तेच्या आणि स्थानिक न्यायालयांत चालले. एकूण मृत्यूंचा इतिहासकारांचा अंदाज सुमारे 40 ते 60 हजारांचा आहे. ‘लाखो’ हा आकडा फुगवलेला आहे. युरोपच्या मुख्य भूमीवर जाळण्याची शिक्षा सर्रास होती, पण इंग्लंडच्या कायद्यात चेटुकासाठी फाशी होती. म्हणूनच अमेरिकेतल्या, तेव्हा इंग्रजांच्या वसाहतीत असलेल्या सेलममध्ये 1692 साली 19 जणांना फाशी झाली, जाळलं कोणालाच नाही. त्या 19 जणांत पाच पुरुष होते. त्यांखेरीज जाइल्स कोरी या वृद्धानं आरोपाला उत्तरच द्यायचं नाकारलं, तेव्हा त्याच्यावर दगड रचून त्याला चिरडण्यात आलं. आइसलँडमध्ये तर शिक्षा झालेले बहुतेक सगळे पुरुषच होते.

काल्पनिक राज्याला यातलं काहीही बंधनकारक नाही. पण लेखकानं ‘सेलम’ हे नाव घेऊन तिथे चिता पेटवली, तर चूक दाखवायला हरकत नाही.

मुलगी चौदा वर्षांची आहे. मुखपृष्ठावरून पुस्तक तिच्या वयाचं आहे का, हे कळतं का?

नाही. यंग अ‍ॅडल्ट म्हणजे ढोबळमानानं 12 ते 18 वर्षांचे वाचक, पण त्याच फळीवर त्याहून मोठ्यांसाठीची ‘न्यू अ‍ॅडल्ट’ पुस्तकंही तशाच मुखपृष्ठांत बसतात. नायिकेचं वय पाहा: सोळा-सतरा असेल तर बहुधा यंग अ‍ॅडल्ट, एकोणीस-वीस असेल तर चौकशी करा. पहिली दोन प्रकरणं चाळून फार काही कळत नाही. धीट प्रसंग सहसा मध्यानंतर येतात. तेव्हा साठ ते सत्तर टक्क्यांमधली प्रकरणं वाचा. आणि छळाच्या, खटल्याच्या प्रसंगांकडेही लक्ष द्या. पालक चुंबनं मोजत बसतात आणि चौकशीच्या कोठडीतली दहा पानं डोळ्यांखालून निसटतात.

रहस्य न फोडता पुस्तकावर मत कसं लिहावं?

पहिल्या पाव भागात घडतं तेवढं मोकळेपणानं सांगा. त्यापुढचं घटना म्हणून नको, परिणाम म्हणून लिहा: ‘आई शत्रू निघते’ असं न लिहिता ‘मध्यावरचा धक्का आधीच्या खुणांशी जुळतो’ एवढं लिहा. ‘नायक आवडला नाही’ एवढंच लिहू नका. कोणत्या वागण्यामुळे, ते सांगा. त्याचा मत्सर तुम्हाला खटकला असेल, पण दुसरा वाचक नेमका त्यासाठीच पुस्तक उचलेल. मालिकेचा पहिला भाग असेल तर गोष्ट अर्ध्यात तुटते का, हे जरूर नोंदवा. एका तारकेचं रेटिंग देणाऱ्या बऱ्याच वाचकांची खरी तक्रार तीच असते.