आज गळणारा केस आणि तीन महिन्यांपूर्वीचा ताप

मागच्या अंकात केसांबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा म्हटलं होतं आणि पत्रांचा नुसता पाऊस पडला. त्यातल्या निम्म्या लोकांनी टँकरच्या पाण्यावर खापर फोडलंय, म्हणजे पत्रं पुण्यातूनच आली याबद्दल शंका नको. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, पण जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते घेतलेत.

प्रश्न : ताई, सप्टेंबरमध्ये मला डेंग्यू झाला होता. बरी झाले, ऑफिस सुरू झालं, सगळं नीट चाललं होतं आणि आता डिसेंबरपासून केस भयानक गळतायत, बाथरूमची जाळी रोज तुंबते. आमच्या सोसायटीला टँकरचं पाणी आहे, आई म्हणते त्यानेच होतंय. मैत्रीण म्हणते कांद्याचा रस लाव. मी एक महागडं सीरमपण मागवलंय. टक्कल पडणार का मला? (वाघोली)

नाही पडणार. आणि उत्तर तुझ्याच पत्रात आहे बघ, सप्टेंबर आणि डिसेंबर.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि प्रत्येक केस आपापल्या फॉलिकलमधून, म्हणजे कातडीत तीन-चार मिलिमीटर खोल गेलेल्या बारीकशा पिशवीतून वाढतो. ही पिशवी कायम काम करत नाही. दोन ते सहा वर्षं केस वाढवते, मग दोन-तीन आठवड्यांत आखडते, आणि मग तीनेक महिने नुसती विश्रांती घेते. विश्रांतीच्या काळात जुना केस वाढत नसतो पण तिथेच अडकून असतो, पुढे खाली नवीन केस तयार व्हायला लागला की जुना पडतो. कुठल्याही दिवशी साधारण दहा टक्के केस या विश्रांतीत असतात. म्हणजे दहा हजार केस, शंभरेक दिवसांत पडणार, म्हणजे रोजचे शंभर. हा झाला तब्येत ठणठणीत असतानाचा हिशोब.

आता डेंग्यूसारखा जोराचा ताप आला की शरीर काय करतं, तर केस वाढवणं ही चैन आहे असं ठरवून वाढीतली बरीच फॉलिकल्स मुदतीआधीच एकदम विश्रांतीला पाठवतं. तेव्हा काहीच दिसत नाही, कारण केस जागेवरच असतात. तीन महिन्यांनी ती सगळी विश्रांती एकदम संपते आणि जाळी तुंबते. आत्ताच्या गळतीचं कारण आत्ता शोधणं म्हणजे मे महिन्यात वापरलेल्या एसीचं बिल जूनमध्ये आलं म्हणून जूनच्या पंख्याला शिव्या देणं. अमेरिकन त्वचातज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ मध्ये या प्रकाराला टेलोजेन एफ्लुव्हियम असं नाव दिलं. बाळंतपण, टायफॉइड, कोविड, क्रॅश डाएट, मोठं ऑपरेशन, सगळ्यांनंतर हेच होतं.

या तीन महिन्यांच्या अंतरामुळेच बाजारातल्या बाटल्या खपतात असं माझं स्पष्ट मत आहे. गळती अगदी टोकाला गेली की माणूस बाटली विकत घेतो, त्याच सुमाराला गळती आपोआप उतरायला लागते, आणि सगळं श्रेय बाटलीला. कांद्याच्या रसाचंच बघ ना. त्यावर एक अभ्यास आहे खरा, बगदादमधल्या डॉक्टरांचा, २००२ सालचा, पण तो ३८ लोकांवरचा आणि तोही चाई पडलेल्यांवरचा. चाई म्हणजे शरीराचीच प्रतिकारशक्ती फॉलिकलवर हल्ला करते, तो वेगळाच आजार, आणि कित्येकदा आपोआपही भरून येतो. तुझ्या गळतीशी त्याचा काही संबंध नाही. डोक्याला वास मात्र येईल.

टँकरचं म्हणशील तर ते तुझं तूच तपासून बघ. गळलेला केस हातात घे. एका टोकाला पांढरा ठिपका दिसला तर तो विश्रांती संपवून पडलेला केस आहे. (पुष्कळ लोक तो ठिपका बघून ‘मुळासकट आला’ म्हणून घाबरतात, पण मूळ आतच असतं.) ठिपका नाही, केस आखूड आहे, तर तो मधेच तुटलाय, आणि तिथे जड पाण्यावर संशय घ्यायला हरकत नाही, कारण त्यातले क्षार केसाच्या बाहेरच्या भागावर बसून तो खरखरीत करतात. पण खाली फॉलिकलपर्यंत टँकर पोचत नाही.

हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड एकदा बघून घे. आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबमध्ये आधी सांग, त्यामुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१७ मध्येच बायोटिन आणि रक्ततपासण्यांबद्दल सावध केलं होतं तरी आपल्याकडे कोणी विचारत नाही. सहा महिन्यांत गळती थांबली नाही तर मात्र त्वचातज्ज्ञाकडे जा.

प्रश्न : रोज तेल लावल्याने केस वाढतात ना? आमच्या पिढीचे केस त्यामुळेच टिकले. (शनिवार पेठ)

वाढत नाहीत आजी, पण टिकतात, त्यामुळे तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या रेळे आणि मोहिले या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल अशी तीन तेलं केसांवर लावून बघितली आणि धुताना केसातून किती प्रोटीन निघून जातं ते मोजलं. फक्त खोबरेलाने ते कमी झालं, कारण त्यातलं लॉरिक अॅसिड लहान आणि सरळ असल्याने केसाच्या आत शिरतं. (कंपनी खोबरेल तेल विकते हे ध्यानात ठेवून वाचावं, पण प्रयोग नीट केलेला आहे.) तेव्हा न्हायच्या आधी लावा. कोंडा असेल तर रात्रभर ठेवू नका, कोंड्याशी संबंधित असलेली बुरशी तेलातल्या स्निग्धाम्लांवरच जगते.

प्रश्न : बाळ नऊ महिन्यांचं आहे. सासूबाई म्हणतात जावळ काढल्याशिवाय केस दाट येणार नाहीत. खरंय का? (सहकारनगर)

मामाच्या मांडीवर बसवून हौसेने जावळ करा, फोटो काढा, पण दाटपणाची अपेक्षा ठेवू नका. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीररचनातज्ज्ञ बाईंनी १९२८ मध्येच पुरुषांची दाढी घेऊन हे तपासलं होतं, वस्तरा फिरवल्याने केस ना जाड होतात ना भराभर वाढतात. बाहेर दिसणारा केस म्हणजे मेलेलं केराटिन, केस ज्याचा बनतो ते प्रोटीन, तो कापला हे खाली फॉलिकलला कळायला काही मार्गच नाही. मग सासूबाईंना दाट दिसतो तो काय, तर पहिल्या केसाचं टोक निमुळतं असतं आणि कापल्यावर बोथट, म्हणून हाताला राठ लागतो. शिवाय या वयात बाळाचे मऊ केस जाऊन जाड यायचेच असतात, जावळ करा नाहीतर नका करू.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात डोक्याच्या मागे टक्कल पडलं होतं का? ते बहुतेक वेळा उशीला घासून पडत नाही, जन्माआधीपासून चाललेल्या तिथल्या केसांची फेरी तेव्हा एकदम संपते.

प्रश्न : आमचे काका शेगावजवळ राहतात. तिकडे गावंच्या गावं तीन-चार दिवसांत टकली झाली होती. तुम्ही तर म्हणता तीन महिने लागतात? (कर्वेनगर)

मी हे पहिल्या उत्तरात लिहिलं खरं पण तुमचा प्रश्न त्याच्याच पुढचा आहे. केस किती दिवसांत गेले यावरूनच कारणाची जात ओळखता येते. तीन महिन्यांनी गेले तर फॉलिकल विश्रांतीला गेलं होतं. काही दिवसांत, हात फिरवला की पुंजका हातात असे गेले, तर वाढत असलेल्या केसालाच आत विषबाधा झाली असं समजायचं, केमोथेरपीत होतं तसं. फॉलिकलच्या तळाशी केस बनवणाऱ्या पेशी शरीरातल्या सगळ्यात भराभर विभागणाऱ्या पेशींपैकी, त्यामुळे विषाचा फटका त्यांना लवकर बसतो.

बुलढाण्यात २०२४ च्या डिसेंबरअखेर ते २०२५ च्या जानेवारीत हे घडलं तेव्हा आधी पाणी, नायट्रेट, बुरशी, शाम्पू असे सगळे संशय घेऊन झाले. आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेची टीमही गेली. डॉ. हिंमतराव बावस्करांनी (विंचूदंशावरचं काम केलेले, महाडचे) रक्ताचे आणि रेशनच्या गव्हाचे नमुने तपासून सेलेनियमकडे बोट दाखवलं. सेलेनियम शरीराला लागतं, पण अगदी किंचित. ते गंधकाचं रासायनिक भावंड आहे, आणि केसाचं केराटिन उभं असतं गंधकाच्या बंधांवर, तेव्हा जास्त झालं की गंधकाच्या जागी घुसतं. पुढे काहींची नखंही गळाली, नखं केराटिनचीच. केस बऱ्याच जणांचे परत आले, कारण फॉलिकल मेलं नव्हतं.

एक सांगते, केसांच्या महागड्या मल्टिव्हिटॅमिनच्या डबीवर सेलेनियम किती आहे ते वाचा. दोन-तीन डब्या एकदम चालू असतील तर बेरीज करा.

प्रश्न : मी २६ वर्षांचा, एमपीएससी करतोय. समोरून केस मागे सरकतायत. वडिलांचे केस दाट आहेत पण आईच्या वडिलांना टक्कल होतं. एका क्लिनिकने स्टेम सेलचं पॅकेज सांगितलंय, पैसे बरेच आहेत. नवीन केस खरंच उगवतात का? आणि हे अभ्यासिकेतल्या टेन्शनने होतंय का? (सदाशिव पेठ)

टेन्शन बाजूला ठेव. समोरून मागे सरकणं हे अँड्रोजेनचं, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारख्या पुरुषी हार्मोन्सचं काम. अमेरिकेत जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवलं की ज्यांचे वृषण वयात येण्याआधीच काढलेले होते त्यांना टक्कल पडत नाही, पण टेस्टोस्टेरॉन दिलं की ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांना पडायला लागतं. म्हणजे दोन्ही लागतं, हार्मोन आणि घराणं. आजोबांचं म्हणशील तर अँड्रोजेन रिसेप्टरचं, म्हणजे पेशीत हे हार्मोन जिथे चिकटतं त्या जागेचं जीन एक्स गुणसूत्रावर असतं, ते तुला आईकडूनच आलं, त्यामुळे संशय रास्त आहे. पण २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या ५२ हजार पुरुषांच्या अभ्यासात टकलाशी जोडलेल्या अडीचशेहून जास्त जागा जनुकांत सापडल्या, सगळं काही आजोबांवर ढकलता येणार नाही.

दुसरा धागा डॉमिनिकन रिपब्लिकमधला आहे आणि तो मला फार आवडतो. तिथे काही मुलं जन्माला येताना मुलगी वाटायची, मुलगी म्हणून वाढायची आणि वयात येताना मुलगा व्हायची. ज्युलियन इम्पेरातो-मॅकगिन्ली यांनी १९७४ मध्ये कारण छापलं, टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी, म्हणजे त्याचं जास्त जोरकस रूप करणारं एन्झाइम त्यांच्यात नीट काम करत नव्हतं. या लोकांची प्रोस्टेट लहान राहायची आणि कपाळ मागे सरकत नव्हतं. तेच एन्झाइम अडवणारं औषध म्हणजे फिनास्टेराइड, टकलासाठी अमेरिकेत १९९७ ला मंजूर झालं. दुसरं मिनॉक्सिडिल, ते मूळचं ब्लड प्रेशरचं औषध, पेशंटच्या अंगावर नको तिथे केस यायला लागले म्हणून डोक्यावर लावायला घेतलं. पहिल्या काही आठवड्यांत त्याने उलट जास्त गळतात, कारण विश्रांतीतली फॉलिकल्स घाईने कामाला लागतात आणि जुने केस ढकलून देतात. मुलं नेमकी तेव्हाच घाबरून सोडतात. फिनास्टेराइडचे लैंगिक दुष्परिणाम थोड्या लोकांत होतात, तेव्हा दोन्ही औषधं डॉक्टरला विचारून, मेडिकलवाल्याला विचारून नाही.

आता नवीन केस. टकलाच्या जागी फॉलिकल नाहीसं झालेलं नसतं, ते बारीक होत होत लव उगवणारं होऊन बसतं. २०११ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या टीमने टकलाच्या कातडीतल्या स्टेम सेल मोजल्या तर त्या जवळजवळ तेवढ्याच होत्या, पण त्यांच्यापासून पुढे तयार होणाऱ्या पेशी कमी होत्या. म्हणजे बियाणं आहे पण हुकूम सुटत नाही. हा हुकूम देणाऱ्या पेशी फॉलिकलच्या तळाशी आणि भोवतीच्या आवरणात असतात. कॉलिन जहोदा यांनी १९९९ मध्ये स्वतःच्या डोक्यातल्या फॉलिकलच्या आवरणाच्या पेशी सहकारी अमांडा रेनॉल्ड्स यांच्या हातावर लावल्या आणि तिथे चक्क जाड केस उगवले! मग पंचवीस वर्षं काय अडलंय? तर माणसाच्या या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या की हुकूम देणंच विसरतात. २०१३ मध्ये त्यांना लटकत्या थेंबात गोळा करून वाढवलं तेव्हा थोडी आठवण परत आली, पण थोडीच.

त्यामुळे क्लिनिकवाला जे देतोय ते बहुधा पीआरपी असणार, म्हणजे तुझंच रक्त फिरवून काढलेला प्लेटलेटचा अर्क, त्यात स्टेम सेल वगैरे काही नाही. आणि खरोखरच स्टेम सेल देत असेल तर प्रश्न आणखी गंभीर, कारण आयसीएमआरच्या २०१७ च्या नियमावलीप्रमाणे काही रक्ताचे वगैरे आजार सोडले तर मान्यताप्राप्त क्लिनिकल ट्रायलबाहेर असे उपचार करताच येत नाहीत. लेखी विचार, नक्की काय टोचणार आहात. पैसे वाचव, मेसचं बिल भर.

प्रश्न : पांढरा केस उपटला की दहा येतात, हे शास्त्रीय आहे का? (कोथरूड)

नाही काका, उपटलात तर त्याच फॉलिकलमधून तोच परत येणार, पांढराच. मात्र तुम्हाला वाद घालायला एक मुद्दा देते. २०१५ मध्ये चेंग-मिंग चुआंग यांच्या टीमने उंदराच्या पाठीवरचे २०० केस ठरावीक दाटीने उपटले तर हजाराच्या वर केस उगवले, अगदी शेजारच्या न उपटलेल्या जागेतसुद्धा. पण ती नवीन फॉलिकल्स नव्हती, आजूबाजूची विश्रांतीतली जागी झाली, आणि उंदराच्या पाठीवर ती एका वेळी सगळी झोपलेली असतात म्हणून हे जमतं. तुमच्या डोक्यावर दहातली नऊ आधीच जागी आहेत.