पोट रोज सकाळीच का दुखतं?

प्रश्न: माझा मुलगा सहावीत आहे. दीड महिन्यापासून शाळेच्या वेळेला त्याचं पोट दुखतं. सोनोग्राफी, रक्ततपासणी नॉर्मल आली. सारखा चिडतो, बहिणीवर हात उगारतो. क्रिकेट सोडलंय. 'मला काहीच जमत नाही' म्हणतो. सासूबाईंना ही शाळा बुडवायची नाटकं वाटतात. नैराश्य असेल का? पण तो रडत तर नाही.
— एक वाचक, सांगली

उत्तर: मुलांच्या नैराश्यात रडू दिसेलच असं नाही. उदासीऐवजी चिडचिड हेच मुख्य लक्षण असू शकतं. निदानाच्या निकषांतही मुलांच्या बाबतीत ती धरली जाते. आणि तपासण्या नॉर्मल आल्या तरी पोट दुखतं ते खरंच. ताणाने आतड्यांची हालचाल बदलते, कळ येते. सासूबाईंना एवढं जरूर सांगा.

रविवारी, सुट्टीत दुखणं थांबतं का ते पाहा. थांबत असेल तर आधी शाळेत शोधा: कोणी चिडवतं, मारतं का, एखाद्या शिक्षकांची धास्ती आहे का, वाचायला-लिहायला अडतं का. सुट्टीतही तो मलूल असेल, तर नैराश्याची शंका बळावते. आम्हाला पोटापेक्षा काळजी वाटते ती सुटलेल्या क्रिकेटची आणि 'काहीच जमत नाही' या वाक्याची. असे बदल दोन आठवडे जवळजवळ रोज दिसले, तर थांबू नये. तुमचा तर दीड महिना झाला. झोप, भूक, खेळ रोज वहीत टिपा, वजन करून घ्या (वाढत्या वयात ते न वाढणं हेही लक्षण असतं) आणि जिल्हा रुग्णालयातल्या किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.

त्याआधी, शांतपणे, एकटं असताना त्याला विचारा: 'आपण नसतो तर बरं झालं असतं, असं कधी वाटतं का रे?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. 'हो' म्हणाला तर रागावू नका, शपथा घालू नका. एकटं सोडू नका, औषधं आणि कीटकनाशकं कुलपात ठेवा, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं, मराठीतही.

सौम्य नैराश्यात बहुधा आधी समुपदेशनच करतात. गोळी लागलीच तर गुण यायला चार-सहा आठवडे जातात. सुरुवातीला अस्वस्थता किंवा मरणाचे विचार वाढले तर लगेच कळवा, आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका. शाळा मात्र पूर्ण बंद करू नका. जितके दिवस घरी, तितकं परतणं अवघड. वर्गशिक्षकांशी बोलून काही दिवस अर्धा वेळ बसवा.