नोंदवहीतला शेवटचा रकाना

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. प्राण्यांच्या निवाऱ्यात काम करताना ‘किती टक्के वाचवले’ एवढेच माप तू धरले आहेस, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

अमेरिकेतील शहरी निवाऱ्यांत ९० टक्के कुत्री-मांजरे दत्तक जाऊन, मालकाकडे परतून किंवा दुसऱ्या संस्थेत जाऊन जिवंत बाहेर पडली, की तो निवारा ‘नो-किल’ (प्राणी न मारणारा) मानण्याचा प्रघात आहे. परंतु म्हातारे, आजारी जनावर दारातूनच परत पाठवले तरी हा आकडा वाढतो. २००४ मध्ये कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे तिकडच्या संस्थांनी प्राण्यांची निरोगी, बरे होऊ शकणारे, आजारासह सांभाळता येणारे आणि असाध्य अशी विभागणी ठरवली. ती मला टक्केवारीपेक्षा मोलाची वाटते.

सोलापुरात तर हिशेबच वेगळा आहे. केंद्र सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार विजापूर रस्त्यावरून आणलेले भटके कुत्रे निर्बीजीकरण व लसीकरणानंतर त्याच जागी सोडायचे असते. ते ना दत्तक गेले, ना मेले. त्याच्यासाठी वेगळा रकाना हवा. दयामरण केवळ असाध्य आजारी किंवा प्राणांतिक जखमी कुत्र्याला, तेही देखरेख समितीने नेमलेल्या पथकाच्या निदानानंतर, पात्र पशुवैद्याच्या हातून आणि दुसऱ्या कुत्र्यासमोर कधीही नाही.

तरुणपणी मी ज्या निवाऱ्यात होतो, तिथे कंबर मोडलेल्या एका कुत्रीला आम्ही दयामरण दिले आणि वहीत मी फक्त ‘आजारी’ लिहिले. वर्षभराने पाने चाळताना तशा कितीतरी नोंदी सापडल्या. कोण खरोखर असाध्य होते आणि कोणासाठी केवळ जागा नव्हती, हे मलाच सांगता येईना. ती बोच आजही जात नाही.

मांजरांचा हिशेब कुत्र्यांत मिसळू नकोस. डोळे न उघडलेल्या पिल्लांना दर दोन-तीन तासांनी दूध लागते, रात्री निवाऱ्यात ते कोण देणार? ती घरी सांभाळणारी चार कुटुंबे आधी शोध. पिंजऱ्यात आपोआप गेलेल्या पिल्लांचीही नोंद मृत्यूतच कर.

रविवारी गेल्या तीन महिन्यांची वही घेऊन ये. ‘आजारी’ लिहिलेली प्रत्येक ओळ आपण मिळून पुन्हा वाचू.